शकूआत्याची राखण

संध्याकाळी मकरंदला मुलीकडची माणसं बघायला येणार आहेत आणि त्याची थोरली बहीण वृषाली भर दुपारी डोळ्यांवर ओढणी घेऊन आडवी झाली आहे. पलंगाच्या पायाशी तिची पिशवी भरून तयार. सकाळी पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता, आईनं विषय काढला होता: आजच्या दिवस मावशीकडे जाऊन येतेस का, चार नॉर्मल माणसांचं घर आहे असं वाटायला हवं त्यांना. वृषाली मनाच्या आजारावर गोळ्या घेते, दोनदा इस्पितळात राहून आली आहे, आणि रक्ततपासणीच्या लॅबमधली नोकरीही नेटानं करते आहे. ती बरं म्हणाली. म्हणाली, आणि तेव्हापासून तिला स्वतःचाच संताप येतो आहे.

पंखा घरघरतो. डोळा लागतो न लागतो तोच वारा ऊन होतो, चादर अंगाला खरखरीत लागते. चादर कसली, आजीचं जुनं लुगडं आहे ते, गच्चीवर पसरलेलं, कोपऱ्यांवर दगड ठेवलेलं. त्यावर एकही पापड नाही. कडेला काठी घेऊन शकूआत्या बसली आहे.

शकूआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, वारून बरीच वर्षं झाली. ती एकटीच बोलायची, कधी दिवसचे दिवस रडायची. घरात पाहुणे आले की तिला वर पिटाळायचे, वाळवण राखायला. उन्हाळ्यात एक वेळ ठीक, पण ऐन दिवाळीतही तेच. तिला काय कळतंय, असं सगळे म्हणायचे.

"बस," आत्या म्हणते. "कावळे येतील."

"आत्या, इथं काहीच नाहीये."

"मला काय दिसत नव्हतं होय? कुणीतरी वर येऊन म्हणेल, शकू, खाली चल, पोहे गार होतायत, म्हणून बसायचे."

वृषाली कठड्याला टेकते, तर कठडा नाही, डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाकडं आहे, आणि सगळं घर तिथं ओळीनं बसलं आहे. आत्या काठीनं एकेकाला दाखवते आणि पोट धरून हसते. हा तुझा बाप, सख्ख्या भावाशी मधे एक भिंत असून बोलत नाही, तो नॉर्मल. हा मकरंद, कुलूप लावून कोपऱ्यावरून परत येतो, ओढून बघतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, तोही नॉर्मल. आणि तू स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जातेस, वेळेवर गोळी घेतेस, तर तुझी रवानगी मावशीकडे.

वृषालीला हसू येतं आणि लगेच विरतं. "पण माझ्यामुळे त्याचं लग्न मोडलं तर?"

आत्या हसायची थांबते. "तुझ्या आईकडची माणसं तुझ्या बापाला बघायला आली तेव्हा मी वरच होते. लग्न ठरलं. मी तिला दिसले ती हळद उतरल्यावर. फसवलं मला, असं तुझी आई अजून म्हणते की नाही?"

म्हणते. दर भांडणात म्हणते.

आत्या पदराआडून पापडाची लाटी काढते, तेलात बुडवलेली, आणि वृषालीच्या तळहातावर ठेवते. मग उठते, कंबर सरळ करते आणि काठी सरळ गच्चीवरून खाली भिरकावते. ती खणकन आपटते.

स्वयंपाकघरात ताट पडलं आहे. वृषाली उठून बसते. पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेवते, गोळ्यांचा डबा नेहमीच्या जागी, टीव्हीशेजारी ठेवते, आणि आत जाते.

"रिक्षा आली का गं?" आई विचारते.

"मी जाणार नाहीये. आणि मी कसल्या गोळ्या घेते ते त्या मुलीला मीच सांगणार आहे. तुला कुणी सांगितलं नव्हतं ना."

आईचा चेहरा उतरतो. तिला बाजूला घेऊन समजावावं म्हणून ती वृषालीचा हात धरते, आणि तिची बोटं त्यावरून घसरतात. तळहात तेलकट आहे. आई तो नाकाशी नेते. हिंगाचा आणि उडदाचा वास. आत्या गेल्यापासून या घरात पापड लाटलेले नाहीत.

"लाटी कुठं मिळाली तुला?"

"गच्चीवर," वृषाली म्हणते, आणि फळीवरून पोह्यांसाठी आणखी एक बशी काढते.