रत्नम्माअक्कांच्या तळ्यावर, उशिरा

"एकदा येऊन बघून जा गं," असं रत्नम्माअक्कांनी दोनदा फोनवर सांगितलं होतं. बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथली माशांच्या खाद्यात घालायची प्रोबायोटिक पावडर त्या वापरतात. दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त काढलं. "खाद्यात मिसळा, बस्स," म्हणून फोन ठेवला. मग कळलं, टाकीतून तळ्यात सोडलेले बोटभर लांबीचे मासे निम्म्याहून जास्त मेले. तेव्हा कुठे रविवारी निघाले.

तुम्हाला जायचं असेल, तर बसवनगुडीहून मेट्रोने हिरव्या मार्गाच्या दक्षिण टोकाला जा आणि तिथून कनकपुऱ्याची बस घ्या. स्टँडजवळ ताटलीएवढी तट्टे इडली मिळते. लोणी मागायला लाजू नका. मी मात्र अर्धी टाकून उठले. पुढे रिक्षाने तुतीच्या मळ्यांतून जावं लागतं. रस्ता सुरेख आहे, पण माझं लक्ष नव्हतं.

अक्का तळ्याकाठी चुलीवर तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड शिजवत होत्या. त्यांनी पातेलं उतरवलं, हात धुतले आणि वाफाळत्या खाद्यात पावडर घातली, कणही न सांडता.

"बघ, एक दिवस चुकवला नाही," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

जाळं, दाटी, ऊन, नवं पाणी, एवढा ताण माशांना सोसता यावा म्हणून तर पंधरा दिवस आधीपासून ही पावडर देतात. सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या पोटात काहीच जिवंत गेलं नव्हतं.

"अक्का, गरम खाद्यात नाही घालायची. यात जिवंत जीवाणू असतात, विरजणासारखे."

त्यांनी पातेलं बाजूला सारलं. "कढत दुधात विरजण घालायचं नाही, हे मला कळतं गं. पण हे जिवंत आहे असं तू कुठे सांगितलंस?"

मी माफी मागितली. "सरी, सरी, असू दे," म्हणत त्यांनी मला ताक दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आले, पण रात्रभर चैन पडलं नाही. सोमवारी आमच्या यादीतल्या पहिल्या शेतकऱ्याला फोन लावला. "अण्णा, खाद्य कसं करता?"

"उकळून," ते म्हणाले. "का, मॅडम?"

तीन वर्षांत मी हे एकालाही विचारलं नव्हतं.