सकाळीच आलेला मातीचा निरोप

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. मांजर आडवं गेलं तर मी मुद्दाम पुढे जाते, आणि नवी वस्तू घ्यायची तर अमावस्या बघून घेते. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव आई मोठ्याने वाचायची तेव्हा मी तिला चिडवायचे – "आई, या सगळ्यांना नीट झोप लागत नाही, बाकी काही नाही." आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय. हसा खुशाल... तुमच्या जागी मीही हसले असते.

मी नसरापूरला आईबरोबर राहते. डेव्हलपर आहे, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. भोरचा इम्रान माझा कॉलेजपासूनचा मित्र, तोही याच धंद्यातला. आम्ही दोघांनी मिळून फावल्या वेळात एक छोटी सोय उभी केली होती – मातीच्या निरोपांची. आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात. गावं अर्धी पुण्या-मुंबईत असतात. कुणी गेलं की पहिला प्रश्न, माती कधी? निरोप उशिरा मिळाला की माणूस पोचतो तेव्हा लोक स्मशानातून परत येत असतात, आणि मग ते त्याला जन्मभर ऐकवलं जातं.

एका सोशल मीडिया प्लॅटफॉर्मची स्ट्रीमिंगची सोय असते. नळ समजा. लोक लिहितील तसतशा पोस्टची धार त्याच क्षणी आपल्याकडे पडत राहते. आपण खाली चाळणी धरायची. आमच्या चाळणीत भोर-वेल्ह्यातल्या गावांची नावं होती, आणि सोबत 'दुःखद निधन', 'माती', 'सावडणे' असे शब्द. पोस्ट अडकली की माझ्या आणि इम्रानच्या मोबाईलवर यायची. आम्ही वाचून 'पाठवा' किंवा 'रद्द' दाबायचो. पाठवा म्हटलं की त्या गावच्या सगळ्यांना मेसेज. मध्ये माणूस हवाच, कारण जित्या माणसाची बातमी गेली असती तर लोकांनी आम्हाला जोड्याने मारलं असतं.

भोंगवलीचे निरोप टाकायचे माझे बबनमामा. आईचे धाकटे भाऊ, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. गावात कुणी गेलं की घरचे रडत असतानाच म्हणायचे, "बबनरावांना सांगा, टाकतील मोबाईलवर." मामांना त्याचा भारी अभिमान. मी चिडवायचे, "मामा, तुम्ही यमाचे कंडक्टर." ते म्हणायचे, "मंग! तिकीट न्हाई फाडलं तर गाडी कशी सुटंल?"

त्या दिवशी भाताची कापणी चालू होती. सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला आणि मामांच्या अकाउंटवरून पोस्ट आली. सवयीने 'पाठवा'वर बोट गेलं... आणि नाव वाचलं.

भोंगवली येथील बबनराव यांचे दुःखद निधन. लेक वेल्ह्याहून येईपर्यंत थांबणार असल्याने माती उद्या सकाळी होईल.

आई ओट्याशी मेथी निवडत होती. मी मोबाईल घेऊन अंगणात गेले आणि मामांना फोन लावला.

"बोल गं," मामा म्हणाले. तोंडात भाकरी होती.

मला इतका राग आला की बस. "मामा, ही कसली थट्टा? स्वतःच्याच मातीची पोस्ट टाकलीत?"

"कोन, म्या? आजून मोबाईल चार्जिंगला हुता. आत्ता तुजा फोन आला म्हून काढला." मग थांबून हसले. "तुझ्या मामीचं काम आसंल. सकाळी गोठ्यात कावळा डोक्याला शिवून गेला माझ्या. तवापासून मागं लागलीया, कुनाला तरी खोटं कळवा म्हून."

ही आमच्याकडची जुनी समजूत. कावळा डोक्याला शिवला तर मरण जवळ आलं. मग नातेवाइकांना माणूस गेल्याची खोटी बातमी कळवायची. रक्ताचं कुणीतरी खरोखर रडलं की संकट टळतं, आणि मग सांगायचं, रडू नका, जिता आहे.

मागून मामीने फोन ओढून घेतला. "म्या कशाला टाकू गं? मला त्यातलं काय येतंय? पर आलीच हाय तर पाठीव. न्हाईतर ताईंना तरी सांग. घडीभर रडू दे त्यांना. मंग सांग खोटं हुतं म्हून. येवढं कर गं बाय."

"आगं ताईला बीपी हाय!" मामा ओरडले. "खोटं रडवायला जाशील आन खरंच पडंल ती. पाठवू नगंस गं, माझी आन हाय तुला."

मी खिडकीतून आत पाहिलं. आई मेथीच्या काड्या बाजूला काढत काहीतरी गुणगुणत होती. मी 'रद्द' दाबलं.

मग पोस्ट शोधायला बसले. प्रत्येक पोस्टला जन्मतःच एक नंबर मिळतो. तो टाकून पाहिला – अशी पोस्ट अस्तित्वात नाही. मामांच्या अकाउंटवरही काही नाही. इम्रानलाही ती आली होती, तो घाबरूनच फोन करत होता. आम्ही ठरवलं, कुणीतरी पासवर्ड चोरून चावटपणा केला आणि लगेच पुसला. दोघांनाही ते पटलं.

दुपारी जेवण करून मामा कापणी बघायला शेतावर गेले. बांधाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी आईला घेऊन भोंगवलीला पोचले तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती. मामांची लेक सुनीता वेल्ह्याला दिलेली. ती नेमकी त्या दिवशी नवस फेडायला तोरण्यावर देवीला गेली होती, मोबाईल लागत नव्हता. ती जाणार हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मामांनाही नाही. शेवटी जाणत्यांनी ठरवलं, लेकीला तोंड दिसलं पाहिजे, थांबू. मामेभाऊ योगेशने मामांचाच मोबाईल घेतला, कारण गाव तिथेच बघतं, आणि निरोप टाकला.

मी शेजारीच उभी होते. माझ्या मोबाईलवर काहीच आलं नाही.

योगेशच्या हातातून मोबाईल घेऊन वाचलं. तेच शब्द. लेक वेल्ह्याहून येईपर्यंत... मग त्या पोस्टचा नंबर काढून पाहिला. सकाळचाच नंबर. एकदा रद्द केलेला नंबर पुन्हा पुढे सोडायचा नाही, असं आम्हीच आमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. म्हणून मामांचा खरा निरोप तिथेच अडला होता. अख्ख्या गावाची माती ज्यांनी कळवली, त्यांची मला एकेकाला फोन करून कळवावी लागली. फोन करता करता मी ढसाढसा रडले.

इम्रान मातीला आला होता. परतताना म्हणाला, "नंबर पोस्ट टाकल्यावर बनतो गं. आधी बनूच शकत नाही." हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. नंतर त्याने जुना डेटा, टेस्टिंगचा डेटा, हॅकिंग, सगळं तपासलं. प्लॅटफॉर्मला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे.

सावडण्याच्या दिवशी मामीने आईला सगळं सांगितलं. रागाने नाही, नुसतं सांगितलं. घरी येऊन आईने पायावर पाणी घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तवा रडले आसते, तर वाचला आसता का गं त्यो?"

"नाही आई," मी म्हणाले. "असं काही नसतं. हृदयाचा आजार होता. तुझ्या रडण्याने काय होणार होतं?" हे मी आजही म्हणेन. मामांनीच मला शपथ घातली होती, हेही सांगितलं.

आईने मान हलवली. तिला पटलं असावं असं मला वाटलं. मग म्हणाली, "आसंल. तुमी शिकलेली मानसं. पर मंग त्यो निरोप सकाळी तुझ्याकडंच कशाला आला?"

तिला खरंच उत्तर हवं होतं, म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले.