मेजर, आलो बरं का

गेटवर मी कापसाच्या गाड्या आत सोडत होतो आणि कुणीतरी मागून, आवाज न देता, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेलगावजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. मी गर्रकन वळलो, मूठ वर गेलीच होती... समोर भानुदासआबांचा मुलगा. "मेजर, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. वर गेलेला हात मी त्याच्या खांद्यावर ठेवला. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

फौजेतून परतलेल्याला आमच्याकडे सरसकट मेजर म्हणतात. मी साधा शिपाई होतो. तिकडे काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. निवृत्त होऊन जिनिंगमध्ये वॉचमन झालो, पण अंग अजून तिकडेच होतं. पाठ भिंतीला लावल्याशिवाय मला बसता येत नसे. पहिल्याच हंगामात एका हमालाने तंबाखू मागायला मागून पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या क्षणी तो माझ्या गुडघ्याखाली होता, त्याचा गळा माझ्या हातात. शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नका. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. आता आपण माणसांत राहण्याच्या लायकीचे उरलो नाही, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. तेव्हा आबा पुढे झाले. ते प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायचे, घरी मेंढरं होती, आणि आमची ओळख राम राम करण्यापुरती. "हंगाम सरेस्तोवर माझ्या भरवशावर ठिवा," ते शेठला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे येताना आबा लांबूनच हाळी द्यायला लागले, "मेजर, आलो बरं का." मला राग आला. हे काय नाटक, म्हणून विचारलं.

"मेंढराकडं बी मी मागून गुपचूप न्हाई जात. आदी आवाज देतो. दचकलं की लई येळ थरथरतं बिचारं."

"मी मेंढरू हाय का?"

"मेंढरू बरं. ते गळा न्हाई धरत."

मी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. बाकीच्या हमालांनाही त्यांनी तसंच करायला लावलं. आधी हमालांनी टिंगल केली, मुद्दाम पार शेजारच्या शेताच्या बांधावरून ओरडायचे, पण पुढे सगळ्यांना ती सवयच पडून गेली.

आबांना सगळं कळायचं असंही नाही. मला नजर लागलीय असं ठरवून, ती उतरावी म्हणून त्यांनी ऐन पावसाळ्यात मला कपिलधारच्या धबधब्याखाली उभं केलं. पाण्याचा तो आवाज डोक्यावर कोसळला आणि मी ओल्या अंगाने पार रस्त्यापर्यंत पळालो. आबा माझ्या चपला हातात घेऊन मागून आले, लांबूनच ओरडत, "मेजर, आलो बरं का... चुकलं माझं." पुढे बीडला मनाच्या डॉक्टरकडे मला तेच घेऊन गेले, दर वेळी सोबत आले, आणि जिनिंगमध्ये कुणी विचारलं तर सांगायचे, "मला झोप येत न्हाई, म्हनून गेलतो." प्रेसच्या दणक्यातही घोरणारा हा माणूस. सगळ्यांना कळायचं. सख्ख्या भावापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त जीव होता.

दुपारी आम्ही कडुलिंबाखाली गोल करून जेवायचो. भिंतीकडची जागा माझी. समोर, रस्त्याकडे पाठ करून आबा. "मागं काय चाललंय ते तुमी बघा, मेजर," म्हणत निवांत भाकरी कुस्करायचे.

आबांच्या दहाव्यानंतर कामावर गेलो तर त्यांची जागा रिकामीच. तिथे कुणी बसेना. शेवटी मीच भिंत सोडून उठलो आणि तिथे बसलो, रस्त्याकडे पाठ करून. डबा उघडून भाकरी कुस्करायला घेतली. सगळा जीव पाठीत गोळा झाला होता. मागे पावलं वाजली. उठावंसं वाटलं, उठलो नाही. पावलं जरा लांबच थांबली.

"मेजर, आलो बरं का."

आवाज शेठचा होता. आमच्यात जेवायला ते कधी आले नव्हते. मी मागे न बघता थोडं सरकून त्यांना जागा केली.