बर्फातली नळी

दादाच्या बरगडीखाली डाव्या बाजूला टणक गोळा लागायला लागला, तेव्हा मस्तगडातल्या आमच्या शेजाऱ्यांनी पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणून सांगून टाकलं. आमच्या गल्लीत डॉक्टर कमी आणि निदान करणारे जास्त. औरंगाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशींचा जुनाट कर्करोग सांगितला. माझा थोरला भाऊ तेव्हा चाळिशीलाही पोचला नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून डॉक्टरांनी मलाच बसवून समजावलं. पेशीतल्या दोन गुणसूत्रांची टोकं तुटतात आणि एकमेकांच्या जागी चिकटतात. त्या चुकीच्या जोडातून 'वाढा, वाढा' असा हुकूम सुटत राहतो. तो हुकूम बंद पाडणारी गोळी नुकतीच आली होती. ती विकत घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं, पण गरजूंना फुकट मिळायची सोय होती. त्यासाठी ती अदलाबदल दादाच्या रक्तात आहे, असा मुंबईच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागणार होता. माझा सगळा जीव त्या रिपोर्टात अडकला.

रक्ताची नळी न्यायचं काम बाबांनी मागून घेतलं. अंबडच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. थर्मासात बर्फ, वर मूठभर मीठ, की गारवा शून्याच्याही खाली जातो. अशी गुरांच्या बुळकांडी रोगाची लस खेडोपाडी पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. ती लस गोठली तरी चालते, उन्हानं मात्र मरते. डॉक्टर नुसतं "जपून न्या" म्हणाले होते. बाबांना जपणं एकाच रीतीचं ठाऊक होतं.

"आपल्या हातून एक बी लस खराब झाली न्हाई," थर्मास छातीशी धरून ते म्हणाले. "हे तर लेकराचं रक्त हाय."

मी तेव्हा शाळेत होते. थर्मासात काय घातलंय ते प्रयोगशाळेच्या फोनवरून कळलं. मीठ घातलेल्या बर्फात रक्ताचाही बर्फ होऊन आला होता. ही तपासणी जिवंत पेशी वाढवून करतात, आणि नळीत एकही पेशी जिवंत नव्हती. पुन्हा पाठवा, म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तशीच बाबांच्या खोलीकडे निघाले, तर दादानं मनगट धरलं. त्याच्या हातात तेव्हाही जोर होता.

"काय करून राह्यली तू? त्यायला काही बोलायचं न्हाई."

"त्यांच्यामुळं सगळं वाया गेलं, दादा!"

"मी ऱ्हाईन का न्हाई, देवाला ठाऊक. ते तर ऱ्हातील ना? मंग त्यायनं हे घेऊन जगायचं का?"

बाबांना त्यानं सांगितलं, मुंबईची मशीन बिघडली होती आणि आता बर्फ बिलकुल लावायचा नाही, असा नियम आलाय. वर दुसरी नळीही त्यांच्याच हाती देऊन पाठवली. दुसरं कुणी गेलं असतं तर त्यांना संशय आला असता.

या वेळी रिपोर्ट आला. अदलाबदल होती. पण त्याच आठवड्यात दादाला ताप भरला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आजारानं रूप पालटलं होतं, रक्तात कोवळ्या, बिनकामाच्या पेशींचा सुळसुळाट झाला होता. गोळी आली, दादानं ती घेतलीही. देवापुढं मी नाक घासलं, नवस बोलले, ज्यांना मी वर्गात हसत आले होते ते सगळे उपाय केले. गोळीचा काही उपयोग होईना. शेवटी डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाहेर बोलावलं आणि आता घरी न्या, म्हणाले.

बाबा जागचे हलले नाहीत. "साहेब, पहिल्या बारीलाच रिपोर्ट आला असता, तर वाचला असता का हो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. घरात माझ्या फटकळ तोंडाला सगळे घाबरतात.

"न्हाई, बाबा," मीच म्हणाले. "तरी हेच झालं असतं."

त्यांनी लांब श्वास सोडला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो झटकून टाकावा, असं मला फार वाटलं. मी तशीच उभी राहिले.