मागच्या फाटकावरचा झेंडा

माझी बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करायची. दिवसभर गोळ्या मोजायच्या, डॉक्टरांची अक्षरं लावायची आणि हळू आवाजात बोलायचं. अशा बाईला एका शनिवारी तिची सहकारीण आपल्या शेतावर घेऊन गेली, हातात शॉटगन दिली, आणि हवेत उडणारी मातीची चकती हिने दुसऱ्याच काडतुसात फोडली. घरी आली ती हसतच. इतकं मोठ्याने हसताना मी तिला लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं. मला ते हसणं फार आवडलं, आणि तिथेच मी फसलो.

क्ले पिजन म्हणतात त्या खेळात नाव कबुतराचं असलं तरी पक्ष्याचा काही संबंध नाही. छोट्या बशीएवढी केशरी चकती, ती भिरकावणारं ट्रॅप नावाचं स्प्रिंगचं यंत्र, आणि चकती जमिनीवर यायच्या आत ती छर्ऱ्यांनी फोडायची, एवढंच. आम्ही नुकतेच प्लेनो शहरातलं टाउनहाउस विकून उत्तरेला, शहराची हद्द संपल्यावर, वीस एकरांची एक लांबट पट्टी घेतली होती. पुढे घर, मागे नुसतं गवत. जागा आहे तर आपल्याच रानात का नको, असं बायको म्हणाली. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, भीती तेवढी होती.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तोंड न पोळताच फुंकणारा. टेलिफोनच्या कंपनीत माझं कामच ते होतं, कुठलं यंत्र कधी आणि कसं बिघडेल याची आधीच कल्पना करत बसायचं. त्यामुळे बंदूक तिने घेतली, पण सगळी मांडणी मी केली. आधी शेरिफच्या कचेरीत जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, शहराबाहेर चालतं, फक्त तुमचा छर्रा तुमच्या कुंपणाबाहेर जाता कामा नये. बंदुकीच्या दुकानातल्या माणसाने मोहरीएवढे छर्रे घ्यायला सांगितले. ते अडीचशे यार्डांच्या आतच गळून पडतात, पण आपण तीनशे धरावेत, म्हणाला. मी चारशे धरले. शेजारच्या गाईवाल्या विधवा बाईंना भेटलो. रविवारी सकाळी चर्चच्या वेळी आवाज नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

उभं राहायची जागा घराच्या मागे, तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. दोन्ही बाजूंना उंच खुंट रोवले, नळी ठरल्या कोनाबाहेर वळूच नये म्हणून. ट्रॅपची दोरी ओढणारा मी, जाड फळ्यांच्या आडोशाला. डोळ्यांना चष्मे, कानांवर आवाज अडवणारे मफ. एका वेळी एकच काडतूस, आणि ते भरेपर्यंत बंदूक मधे दुमडून उघडी. हे सगळं करूनही माझा जीव एका जागी अडकला होता. आमच्या पट्टीच्या पार मागच्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाला, वळसा घेऊन येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, एक फाटक होतं. मधे जमिनीला उंचवटा असल्याने उभ्या जागेवरून ते दिसायचं नाही. तिथून कोणी आत शिरलं तर कळणार कसं?

म्हणून फाटकापाशी उंच पाइप पुरला आणि शूटिंगच्या दिवशी त्यावर लाल झेंडा लावायचा नियम केला. रस्त्याने येणाऱ्याला तो दिसे, आणि उंचवट्यावरून त्याचं टोक आम्हालाही. त्यावर आमची एक पद्धत पडली. काडतूस भरण्याआधी बायको दर वेळी विचारायची, "झेंडा?" मी मान वळवून प्रत्यक्ष बघायचं आणि मग सांगायचं, "लाल." कानांवर मफ, त्यामुळे दोघंही ओरडून. एरवी कुजबुजणारी माझी बायको शनिवारी सकाळी रानात झेंडा झेंडा म्हणून ओरडत असे. गंमत वाटायची.

मग नागपूरहून आई आली. बाबा गेल्यावर ती एकटीच होती. आता कायमचं आमच्याकडेच राहायचं, असं ठरवून आम्ही तिला आणलं होतं. पहिल्याच शनिवारी तिने आवाज ऐकला, मागच्या दारात येऊन पाहिलं आणि आत निघून गेली. आई रोज सकाळी पंचशील म्हणायची, आणि म्हणून झालं की ते बाजूला ठेवणाऱ्यांपैकी ती नव्हती. मातीची चकती आहे, जीव कुणाचा जात नाही, हे मी तिला परोपरीने समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "जीव घ्यायची वस्तू घरात ठेवून पहिलं शील कोणत्या तोंडानं म्हणू? बुद्धपौर्णिमा झाली की मी जाते." आणि तिने खरंच मला तिकीट काढायला लावलं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आई सुनेच्या केसांना तेल लावून देई, तिच्या डब्यात झुणका-भाकर भरून देई, आणि शनिवारी सकाळी खोलीचं दार लावून बसे. दोघींच्या मधे माझं सँडविच झालं होतं. आई परत गेली तर त्या रिकाम्या घरात एकटीच राहणार, हे सारखं डोळ्यांसमोर यायचं. बायकोला बंद कर म्हणायलाही जीभ रेटत नव्हती.

शेवटी बायकोच बोलली. पौर्णिमेचा कार्यक्रम रविवारी आमच्याकडेच होता. शुक्रवारी कामावरून आल्यावर ती मला म्हणाली, "उद्या शेवटचं. सोमवारी बंदूक विकून टाकते. आईंना राहू देत." आईला आत्ताच सांगू नका, उपकार केल्यासारखं दिसेल, असंही म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही तितकंच वाटलं.

शनिवारी सकाळी मी फाटकाला लाल झेंडा लावून आलो. तिने दोन-चार चकत्या फोडल्या. शेवटचा दिवस म्हणून की काय, हसली मात्र नाही. मधे चहा प्यायला थांबलो. परत उभे राहिलो तेव्हा तिने काडतूस हातात घेतलं आणि विचारलं, "झेंडा?"

मी मान वळवली. उंचवट्यावर लाल नव्हता. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पट्टे वाऱ्यावर फडफडत होते.

"पंचरंगी," मी ओरडलो.

तिने काडतूस खिशात टाकलं, उघडी बंदूक खाली ठेवली आणि धावत सुटली. मी मागोमाग. उंचवट्यावर पोचलो तर समोर फाटक सताड उघडं. आत गवतात एक व्हॅन उभी होती, आणि पांढऱ्या साड्यांतल्या दोन काकू, एक काका आणि डबे घेतलेली मुलं चालत आमच्याकडे येत होती. ह्यूस्टनचं हे कुटुंब कार्यक्रमाच्या मदतीला दुपारी येणार होतं. आपली माणसं वेळेच्या आधी येतील, हे माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं. काका लांबूनच जय भीम म्हणाले आणि हसत सांगू लागले, "घर शोधत वळसा घालून मागे आलो बघा. पण झेंडा दिसला आणि विषयच संपला." नागपूरच्या कुठल्याही बौद्ध वस्तीत जा, पत्ता कोणी विचारत नाही. झेंडा दिसला की तिथे उतरायचं. त्यांनी तेच केलं होतं.

आणि फाटकाशी आई उभी होती. हातात माझा लाल झेंडा, नीट घडी घातलेला. उद्याच्या कार्यक्रमासाठी आमच्या घराला झेंड्याची काठी नाही, ही तिची दोन दिवसांची खंत. आज खोलीत न बसता ती आवाजापासून लांब, मागच्या रस्त्याने फिरत गेली, आयती काठी दिसली, त्यावर दोरे निघालेलं एक लाल फडकं. तिने ते उतरवलं आणि नागपूरहून आणलेला बौद्धांचा पंचरंगी झेंडा चढवला. त्या फडक्याचं काम तिला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. शूटिंगचा विषय निघाला की ती उठून जायची.

बायकोने पाहुण्यांना घराकडे नेलं. मी आईला तिथेच सगळं सांगितलं. झेंडा कशासाठी, छर्रा कुठवर येतो, मघाशी ही माणसं कुठे चालत होती. आईचा चेहरा उतरला. तिने गवताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग वाजवली काहून नाही तिनं?"

"झेंडा विचारल्याशिवाय ती भरतच नाही."

"दर खेपेला विचारते?"

"दर खेपेला."

लाल झेंड्याची घडी घेऊन आई घराकडे निघाली. रविवारचा कार्यक्रम पार पडला, खीर झाली, पंचरंगी झेंडा तिने घराच्या दर्शनी खांबाला बांधून घेतला. सोमवारी बायको कामावर निघाली तेव्हा बंदुकीची पेटी तिच्या हातात होती. आई दाराशी आली आणि कुठे नेते विचारलं. बायकोने सांगितलं. आईने पेटीवर हात ठेवला.

"विकू नको पोरी," ती म्हणाली. "तुझं ते विचारणं, तेच शील होय. पण झेंडा मी लावीन."

माझी बायको पेटी खाली ठेवून तिथेच, बाहेर जायच्या कपड्यांत, आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मी तिकीट कॅन्सल केलं.

त्या आठवड्यात आईने लाल कापड धुऊन त्याला चारी बाजूंनी शिवण घातली. शनिवारी सकाळी ते काखेत घेऊन ती गवतातून फाटकाकडे चालत गेली. आम्ही दोघं उघडी बंदूक खाली ठेवून उभे होतो. उंचवट्यावर लाल टोक दिसलं, तरी आम्ही थांबलो. आई सावकाश परत आली, आमच्या मागे खुर्चीत बसली, कानांवर मफ चढवले आणि बायकोच्या आधी स्वतःच ओरडली, "झेंडा?"