छत्रीखालचं झाड

भर पावसात झाडावर छत्री धरून स्वतः चिंब भिजणारा माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघावा, याला आमचं नशीबच म्हणायचं! बरं, झाड तरी कसलं? कमरेएवढं, नावापुरती पानं, नुसत्या हिरव्या काड्यांचं झुडूप. मावशी गेल्यावर सापगावच्या घरात काका एकटेच उरले. वर्षश्राद्धाला परदेशातून लेक आली, तिने येताना त्याचं बी आणलं. तिकडे तिच्या घरामागची टेकडी म्हणे या झुडपांनी पिवळीधमक होते. कोरडी जमीन आणि भरपूर ऊन, बस्स. "फुललं की सांगा बाबा, बघायला येईन," एवढं बोलून ती विमानात बसली आणि काका कामाला लागले.

आता कोरडी जमीन, ती आमच्याकडे? चार महिने चुलीजवळची लाकडंसुद्धा सर्द असतात! काकांनी अंगणात मुरूम-दगडांचा ढीग रचला, त्यावर रोप लावलं. सावली पडते म्हणून शेजारणीच्या लोणच्याच्या आंब्याची फांदी छाटली; ती बाई महिनाभर बोलली नाही. पावसाळ्यात रोपाला भातलावणीच्या बायांसारखं इरलं घातलं. वाऱ्याने इरलं उडालं की काका छत्री घेऊन उभे. मुरबाडला माझ्या भावाच्या लग्नात वळवाचं आभाळ भरून आलं, तर हा गृहस्थ पानातली जिलबी तशीच टाकून घरी पळाला. त्या काड्या बघून गाववाले त्याला तागच म्हणायचे आणि चिडवायचे, तागाची कसली एवढी मिजास! मीही एकदा वैतागून म्हटलं, काका, आजारी पडाल. तर म्हणाले, "त्याला पावसाची सवय नाय रे, मला हाय."

तिसऱ्या वर्षी, होळी झाल्यावर, ते खरंच फुललं हो! मी गेलो तेव्हा काडी न् काडी पिवळी झाली होती, आणि काका मात्र झाडाकडे पाठ करून पायरीवर बसले होते. कळ्या धरल्या तेव्हाच लेकीला फोन झाला होता. यंदा रजा नाही, फुललं की फोटो पाठवा, असं ती म्हणाली होती.

मी लगेच मोबाइल काढला. काकांनी माझा हात धरला.

"नको रे. फोटो बघितला का झालं तिचं बघून. मग ती कशाला येल?"

मी मोबाइल खिशात टाकला आणि त्यांच्याशेजारी बसलो. फुलं वैशाखाआधीच गळून गेली. लेकीला मात्र काका अजून फोनवर सांगतात, आत्ता कुठं कळ्या धरल्यात, सावकाश ये.