माझी भाकरी, आक्काची माळ

सुरुवात शर्टाच्या बटणापासून झाली. सकाळी उठलो आणि बटण काजात जाईना. बोटं फुगून टम्म झालेली, मूठ मिटायला गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी गलाईवाला. सराफाकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणं हे आमचं काम. आमच्या माण-खानापूरकडची माणसं या धंद्यापायी कुठंकुठं जाऊन राहिली आहेत. मी आठवीतून शाळा सोडली आणि तमिळनाडूतल्या एका गावात येऊन भट्टीपुढं बसलो, तो अजून इथंच आहे.

आमच्या कामात हात गेला की सगळं गेलं. वितळलेल्या सोन्याची कुंडी चिमट्यानं भट्टीतून उचलायची असते. एक दिवस माझा चिमटा सुटला. शेजारी बसलेल्याच्या पायापासून वीतभर अंतरावर कुंडी आपटली. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. शेठ ओरडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "गावाकडं जा, बरा हो. तुझी जागा मी दुसऱ्याला देत न्हाय." शेठ आमच्याच भागातले. त्या वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. पण गाडीत बसल्यापासून डोक्यात एकच, जागा तरी किती दिवस ठेवतील?

घरी आक्का. माझी थोरली बहीण. तिचा नवरा लवकर वारला, ती माहेरी परत आली, आणि त्याच वर्षी आमची आई गेली. मी पाच वर्षांचा होतो. मग आक्काच माझी आई. माझं लग्न काही जमलं नाही, त्यामुळं घर म्हटलं की आजही आक्काच. तिनं दुसरं लग्न केलं नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि चार शेरडं पाळून मला वाढवलं. माळ घातली की मटण-मासं बंद. खायचं नाही, शिवायचंसुद्धा नाही. शेरडं ती बाजारात विकायची, पण त्या रात्री जेवायची नाही. देवळातल्या बायकांच्या भजनात चाल धरायची ती आक्काच. तिचा आवाज चढला की पुरुषसुद्धा कट्ट्यावर येऊन बसायचे.

सांगलीच्या डॉक्टरांनी हात दाबून बघितले, रक्त तपासलं, सांधेवात म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं निम्मं झालं, सूज तशीच. गलाईतल्या एका दोस्तानं फोनवर एक उपाय सांगितला. त्याच्या मेहुण्याला गुण आला होता म्हणे. भाकरी, चपाती, भात, बटाटा, साखर, गूळ सगळं बंद. मटण, अंडी, मासं, तूप आणि पालेभाजी एवढंच खायचं. अंगातली सूज उतरते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काहींना फरक पडतो, काहींना नाही. करून बघा. पण गोळी सोडायची नाही आणि रक्त तपासायला येत राहायचं."

आक्काला सांगितलं तेव्हा ती परातीत पीठ मळत होती. हात तसाच पिठात ठेवून म्हणाली, "भाकरी न्हाय खायची? मग मानसानं खायाचं काय?"

मी सांगितलं. ती पुन्हा पीठ मळू लागली.

शेजारची मामी दारातूनच ऐकत होती. "घ्या! आमी सनासुदीला वाटीभर रस्स्याची वाट बघतो, आन ह्यो औषीद म्हनून मटान खानार! आरं, मलाबी सांग की तुझा डाक्टर, माझं गुडघं लय दुखत्यात!" आम्ही सगळे हसलो. आक्काही हसली.

आमच्या घरात मटणाचं भांडंच नव्हतं. मी नवीन पातेलं आणलं आणि गोठ्यापलीकडं तीन दगडांची चूल मांडली. आक्काच्या चुलीला विटाळ नको. पण मटण धुवायचं, चिरायचं, पातेलं उतरवायचं तर हात लागतात, आणि तेच तर गेलेले. चौथ्या दिवशी उतरवताना पातेलं निसटलं. उकळता रस्सा पायावर आला. आक्का गोठ्यात धारा काढत होती. ती पळत आली, माझ्या पायावर पाणी ओतलं, कोरफड लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर चूल पेटलेली होती. पातेल्यापाशी आक्का. तिचा गळा मला एकदम उघडा दिसला. कळायला लागल्यापासून पहिल्यांदा. माळ असायची तिथं कातडीवर गोऱ्या रंगाची एक रेघ होती.

"आक्का, आगं ह्ये काय केलंस?"

"काय न्हाय. देवापुढं ठिवली. त्येला सांगितलंय, भावाचं हात बरं हुस्तवर जरा थांब."

"आगं पण लोकं..."

"लोकं तुझं पातेलं उतरायला येनार हायती का? बस तिकडं."

मटण शिजवताना तिनं कधी चव घेतली नाही. माळ उतरवली तरी तोंडाला लावायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. मीठ अंदाजानं. कधी खारट व्हायचं, कधी आळणी. ती समोर बसून विचारायची, "बरं झालंय का?" मी म्हणायचो, "लय बेस." ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची, आणि मग उठून साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची.

महिना-सव्वा महिन्यात बोटं खरंच उतरली. मटणानं, गोळीनं, की भट्टीच्या धुरापासून लांब राहिल्यानं, मला सांगता येणार नाही. मूठ मिटली. चिमटा धरता येईल असा हात झाला. मी आनंदानं आक्काला मूठ मिटून दाखवली, आणि तिनं तिच्या दोन्ही हातांत ती धरून ठेवली.

मी कामावर परत आलो. इथं खानावळीत अंडी-मटण मिळतं, काही अडत नव्हतं. मला वाटलं आक्कानं लगेच माळ घातली असेल. दोन महिन्यांनी मामीचा फोन आला तेव्हा कळलं, घातली नव्हती. भजनाला आक्का देवळात जायची नाही. बाहेर पायरीवर बसायची, आणि आत दुसरीच कुणी चाल धरायची.

मी आक्काला फोन केला. ती म्हणाली, "ज्येंनी मला माळ घातली त्ये बुवा म्हनत्यात, एकदा उतरवली ती उतरवली, देव समजून घील. पण आता घातली की परत उतरवायची न्हाय, म्हंजी न्हायच. मग मी कशी घालू? उद्या तुझं हात पुन्हा गेलं तर? तू म्होरं येऊन बसशील, आन मी गळ्यात माळ घालून तुझ्याकडं नुसती बघत बसू?"

"न्हाय जानार हात. मी बरा झालोय."

"मग भाकरी खातोस का?"

मी अजून अंडी-मटणावरच होतो. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मी सुट्टी काढून गावी गेलो आणि आक्काला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरा झालास, आता भाकरी चालेल.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. त्या दिवशी तिनं बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, तव्यावर टम्म फुगल्या, आणि पहिली माझ्या ताटात टाकली. मी दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तीन. बुवांना निरोप गेला, एकादशीला या, आक्का माळ घालणार. मामी म्हणाली, "आता पुन्हा जरा कान तृप्त हुतील. ती दुसरी गाती का शेरडू वरडतंय त्येच कळंना झालंय."

एकादशीला आठ दिवस होते. पाचव्या दिवशी बोटं ठणकायला लागली. मी आक्का उठायच्या आधी शेरडं घेऊन माळावर जायचो, उन्हात हात शेकायचो, दुखायची गोळी घ्यायचो. ताट समोर आलं की भाकरी मोडता यायची नाही, म्हणून आमटीत अख्खी भिजवून खायचो. आक्का म्हणायची, "ल्हान हुतास तवा असंच खायचास." मी मान हलवायचो. तीनच दिवस, असं मनात म्हणायचो. एकदा माळ तिच्या गळ्यात पडली की मी इकडं निघून येईन, पुढचं पुढं.

एकादशीला बुवा आले. आमच्याकडं बुवा दारात आले की घरच्या पुरुषानं त्यांच्या पायावर पाणी घालायचं. आक्कानं भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. माझी बोटं त्याच्या काठाभोवती मिटलीच नाहीत. तांब्या उंबऱ्यावर आपटून घरंगळत अंगणात गेला.

आक्कानं माझा हात धरला, उलटा केला, पेरांवर बोट दाबलं. मी ओरडलो.

"डाक्टर असं म्हनलाच न्हाय नव्हं?"

मी मान खाली घातली.

"आन मीच थापून घालत हुते तुला. रोज." मग ती बुवांकडं वळली. "बुवा, ऱ्हाऊ द्या."

"आक्का, शांतपणानं विचार करा. ह्येला दुसरं कुणी रांधून घालंल."

"कोन? ह्येला हाय कोन?"

मी म्हणालो, "आक्का, मी तिकडंच खातो की खानावळीत. तू घाल माळ. तुझ्या पाया पडतो." खरंच वाकलो. तिनं मला दंडाला धरून उठवलं.

"हात असं घिऊन तिकडं काय करशील? भट्टीपुढनं तुला परत हितंच धाडत्याल." ती एवढंच बोलली. बुवांना चहा केला, त्यांच्या पायावर तिनं स्वतः पाणी घातलं, त्यांना वेशीपर्यंत पोचवून आली. देवळात भजन सुरू झालं होतं. ती तिकडं वळली नाही. घरी येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आज एकादस, मटान मिळायचं न्हाय," ती म्हणाली. "बाजार परवा हाय. तवर मामीकडनं अंडी आनते."